हीटर, रेडिओ, पांढऱ्या कडेचे टायर

टॉलिव्हर फिंच या गाडीला हीटर लावून घ्यायचा तर १९६३ साली किती डॉलर जास्तीचे मोजावे लागत, हे अख्ख्या यॉर्कशरमध्ये एकाच माणसाला तोंडपाठ होतं, आणि नेमकं त्याच माणसाशी माझं लग्न झालं होतं. विलास मेश्राम, मूळचे नागपूरचे, लीड्सच्या बस डेपोत एकतीस वर्षं फिटर. फिंच ही त्यांची दुसरी बायको. खरं तर पहिलीच म्हणायला हवं, कारण ती घरात आली त्या वर्षी हे माझा वाढदिवस विसरले आणि मग विसरतच राहिले.

अमेरिकेत त्या काळी होडीएवढ्या गाड्या निघायच्या. त्यांच्यात ही लहान, म्हणून तिकडे हिला कॉम्पॅक्ट म्हणत. आमच्या बीस्टनच्या गल्लीत ही लहानगी दोन घरांची दारं अडवून उभी राहायची. रंग फिक्या पिस्त्यासारखा, स्टिअरिंग डावीकडे. कंपनी चार वर्षांत बुडाली. बनल्या एकसष्ट हजार आणि वर काहीशे, त्यातल्या ब्रिटनमध्ये उरल्या अकरा, आणि त्या अकरा मालकांचा एक क्लब. ह्यांनी कारखान्याच्या जुन्या वह्यांच्या फोटोकॉपी अमेरिकेतून मागवल्या आणि सहा हिवाळे बसून एक रजिस्टर टाईप केलं. कुठल्या वर्षी दोन दरवाजांच्या किती बनल्या, चार दरवाजांच्या किती, कुठल्या ऑप्शनचा भाव काय आणि तो किती गिऱ्हाइकांनी घेतला, सगळं त्यात.

क्लबातल्या कुणाला गाडी विकायची असली की ह्यांना पत्र यायचं, माझ्या गाडीसारख्या किती बनल्या हो? हे रजिस्टर न उघडताच उत्तर लिहीत. पुस्तक एखादवेळी चुकेल, विलास चुकणार नाही, असं ते लोक म्हणायचे. मी मात्र चाळीस वर्षांत त्यातला एकही आकडा डोक्यात शिरू दिला नाही. मुद्दाम. ह्यांनी जेवताना टायरांचा भाव सांगायचा आणि मी आमटीत मीठ जास्त झालंय का ते बघायचं, असा आमचा संसार. चांगला चालला होता. हा माणूस मला होता तसाच हवा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत हे सुपरमार्केटला गेले आणि बसने परत आले. म्हणाले, गाडी चोरीला गेली. मी जाऊन बघते तर गाडी जिथे ठेवली होती तिथेच उभी, आणि तिच्याभोवती दोन पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. मी ती घरी आणली नाही, मला ती चालवता येत नाही. ह्यांनाच पुन्हा घेऊन गेले. गाडी दिसल्यावर हे इतके खूश झाले, की मला रागावताही आलं नाही.

मी बत्तीस वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नर्स होते. आज वार कुठला, साल कुठलं, वीसपासून उलटे आकडे म्हणा, हे प्रश्न मी हजारो लोकांना विचारलेत. दरवाजातून आत येणाऱ्या माणसाच्या चालीवरून मी सांगायचे, डोकं किती शिल्लक आहे. डॉक्टर लोक नंतर मशीन लावून तेच सांगायचे. आणि तरी माझ्या नवऱ्याला मी साल कुठलं ते एकदाही विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांना उत्तर देता येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी तो प्रश्नच विचारला नाही.

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवता ठेवता मी विचारलं, "अहो, तुमच्या त्या फिंचला हीटर केवढ्याला पडायचा?"

हे पेपरातून मान वर न करता आकडा बोलले. सेंटसकट.

"आणि रेडिओ?"

तोही.

"पांढऱ्या कडेचे टायर?"

"चारांचे की पाचांचे? स्टेपनी धरून वेगळा भाव आहे," हे म्हणाले, आणि दोन्ही सांगितले.

माझ्या जिवात जीव आला. डोकं ज्याचं गेलंय तो स्टेपनीचा वेगळा भाव सांगेल का? त्या दिवसापासून हा आमचा रोजचा नेमच झाला. सकाळी चहाबरोबर हीटर, रेडिओ, टायर. कधी ऑटोमॅटिक गिअर, कधी रंगीत काच. ह्यांनाही मजा वाटायची, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ह्यांच्या गाडीचं काहीतरी विचारत होते. बूट फ्रिजमध्ये सापडले तरी चालायचं. आमच्या मिलिंदला, पोटच्या पोराला, ह्यांनी फोनवर ‘कोण बोलतंय’ विचारलं तरी मी म्हणायचे, लाइन खराब असेल.

इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करावं लागतं. परीक्षा नाही, डॉक्टर नाही. आपला आपण फॉर्म भरायचा, की मला काही आजार नाही. गेल्या मार्चमध्ये तो फॉर्म मीच ऑनलाइन भरला. तब्येतीच्या प्रश्नापाशी आल्यावर मी तिथूनच ओरडले, "अहो, पॉवर स्टिअरिंग?" बैठकीतून खणखणीत उत्तर आलं. मी ‘नाही’वर टिक केली आणि पुढचं पान उघडलं.

आता चंदाबाईंचं सांगते. त्या आमच्या ओळखीतल्या धम्मशीलाच्या आई. धम्मशीला लीड्सलाच एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. वडील गेल्यावर तिने आईला अमरावतीहून इकडे आणलं. चंदाबाई बहात्तरच्या होत्या, गुडघे अधू, जीभ धारदार. इंग्रजी येत नव्हतं पण बसच्या ड्रायव्हरला मराठीत झापायच्या आणि तो ऐकून घ्यायचा. आमचं दोघींचं जमायचं.

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम ब्रॅडफर्डला हॉल भाड्याने घेऊन ठेवला होता. मी वंदनेच्या तयारीसाठी सकाळीच मंडळींबरोबर पुढे जाणार होते. हे मागून फिंच घेऊन येणार, गाडी हॉलबाहेर उभी करायची म्हणजे पोरं फोटो काढतात, असा ह्यांचा दरवर्षीचा मान. आदल्या दिवशी दुपारी धम्मशीलाचा फोन आला.

"काकू, माझी उद्या शिफ्ट आहे. आई म्हणते, विलासकाकांबरोबर जाते. नाहीतर बस आहे, पण ती रविवारची तासाला एक." मग म्हणाली, "काकू, सरळ विचारते हं, राग मानू नका. काका ड्रायव्हिंगला ओके आहेत ना? मागच्या वेळी भेटले तेव्हा मला जरा कन्फ्यूज्ड वाटले."

मला राग आलाच. कालची पोरगी, गोळ्या मोजते आणि मला विचारते. बत्तीस वर्षं मी वॉर्डात काय झोपा काढल्या?

"अगं, आज सकाळीच मला साठ वर्षांपूर्वीचे सगळे भाव सेंटसकट सांगितलेत," मी म्हटलं. "मी रोज तपासते त्यांना. तू काळजी करू नको, दे पाठवून आईला."

"तुम्ही म्हणताय तर मग प्रश्नच नाही," ती म्हणाली.

रविवारी दहाच्या सुमारास हे पेट्रोल भरून पंपावरून बाहेर पडले ते रस्त्याच्या उजव्या बाजूला वळले आणि त्याच बाजूने चालवत राहिले. फार नाही, पाव मैल. समोरून व्हॅन आली. व्हॅनवाल्याचं मनगट मोडलं. ह्यांच्या छातीवर काळानिळा वळ उठला, बाकी काही नाही. चंदाबाई मागच्या सीटवर होत्या. त्या पुढे फेकल्या गेल्या आणि मंगळवारी सकाळी वारल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर आल्या नाहीत. पांढरं लुगडं नेसून निघाल्या होत्या, ते हॉस्पिटलने मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, कारण धम्मशीला तेव्हा उभी राहू शकत नव्हती.

मग सगळं रीतसर झालं. ह्यांचं लायसन्स गेलं, मेंदूचा स्कॅन झाला. कन्सल्टंट बाई मऊ आवाजात म्हणाली, हे निदान तीन वर्षांपासून असणार. अशा माणसावर खटला भरण्यात अर्थ नाही, असं पोलिसांनी कळवलं. राहिली इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यू कसा झाला याची कोरोनरसमोरची चौकशी. तिथे मलाही साक्षीला बोलावलं होतं.

माझी साक्ष तयार होती. जुनं शेवटपर्यंत टिकतं, हे कुणीही नर्स सांगेल. सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण शाळेतली कविता म्हणतात. ह्यांचं जुनं सगळं जाग्यावर होतं आणि त्या जुन्याने मला फसवलं. कुणीही फसलं असतं. हे मी पोलिसांना सांगितलं, कन्सल्टंटला सांगितलं, विहारातल्या बायकांना सांगितलं. सगळ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही रात्री गोळी न घेता झोपायला लागले.

तेवढ्यात कीथ आला. कीथ हा हॅरोगेटचा रिटायर्ड शाळामास्तर, फिंच क्लबाचा सेक्रेटरी. अतिशय सभ्य माणूस. घराला आग लागली तरी आधी विचारेल, मध्येच बोललं तर चालेल ना. रजिस्टर आता दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला हवं म्हणून तो ते न्यायला आला होता. ह्यांच्याजवळ बसला, हात हातात घेतला, आणि बोलायला विषय हवा म्हणून विचारलं, "विलास, बासष्टच्या दोन दरवाजांच्या किती बनल्या?"

ह्यांनी ताठ बसून आकडा सांगितला.

"क्वाइट राइट," कीथ म्हणाला. "क्वाइट राइट, विलास."

मी त्याला पॅसेजमध्ये सोडायला आले. अभिमानाने म्हटलं, "पाहिलंत? सगळं गेलं, पण एवढं नाही गेलं."

कीथने टोपी हातात घेतली होती ती फिरवायला लागला. त्याचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाला, मिसेस मेश्राम, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तो आकडा बरोबर नाही. जवळपासचाही नाही. मागच्या वर्षीच्या ईस्टरच्या आधीपासून विलासची सगळी पत्रं तशीच येतायत, एकच भाव दर पत्रात वेगळा. मी आपला गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवत होतो. विलासला कमीपणा वाटू नये म्हणून.

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"बोलायला बरं वाटेना," कीथ म्हणाला. "शिवाय तुम्ही नर्स. म्हटलं, घरात राहून तुम्हाला माहीत नसेल असं कसं होईल?"

मी त्याला म्हटलं, रजिस्टर इन्क्वेस्टपर्यंत इथेच राहू दे. तो गेल्यावर मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. वर्षभराहून जास्त, रोज सकाळी, हा माणूस मला जे तोंडाला येईल ते सांगत होता आणि मी त्याला पास करत होते. रजिस्टर चहाच्या डब्याशेजारी फळीवर होतं. हात लांबवला असता तर मिळालं असतं. पण मी आकडा ऐकतच नव्हते, मी आवाज ऐकत होते. आवाज ठाम होता, तेवढं मला पुरत होतं. पुरत होतं कसलं, तेवढंच हवं होतं. दर आठवड्याला पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझी जीभ कधी अडखळली नाही, कारण मी खोटं असं काही बोलतच नव्हते. मी फक्त बघत नव्हते. मला माझीच किळस आली.

मिलिंद कार्डिफला असतो. त्याला फोन करून सांगितलं. तो इथेच जन्मला, त्याचं मराठी लंगडतं, पण डोकं वकिलाचं आहे.

"आई, प्लीज लिसन," तो म्हणाला. "इन्क्वेस्टला हे बोलू नको. ते विचारतील तेवढाच आन्सर दे. बाबाला जुना सगळा आठवत होता, तू नर्स असून पण फसली, ते स्टोरी बरोबर आहे."

"बरोबर नाहीये ना रे ती."

"मोस्टली आहे. आणि धम्मशीलाला पण तेच बरा आहे. तिला आता नवीन दुःख कशाला द्यायचा?"

मी फोन ठेवला. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी रजिस्टर फळीवरून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, त्यावर वर्तमानपत्र टाकलं, आणि चार दिवस त्या टेबलावर जेवले. उघडून बघायची हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, धम्मशीला आली. अपघातानंतर पहिल्यांदाच. बारीक झाली होती. हे खिडकीशी खुर्चीत बसले होते, तिच्याकडे बघून ओळखीचं हसले. कुणाकडेही बघून तसंच हसतात.

"काकू, पुढच्या रविवारी आईचं पुण्यानुमोदन ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्ही दोघं या. काकांना पण आणा. लोक काय बोलतील ते मी बघून घेईन."

"मी कुठल्या तोंडाने येऊ गं?"

"असं बोलू नका." तिने माझा हात धरला. "काकू, मी सुरुवातीला रोज स्वतःला खायचे. मी विचारलं होतं ना तुम्हाला, म्हणजे मला डाउट होता, तरी मी आईला पाठवलं. मग मी स्वतःला समजावलं. तुम्ही नर्स, त्यांच्याबरोबर राहता, रोज तपासत होता. तुम्हाला नाही कळलं तर जगात कुणालाच कळलं नसतं. मी तेवढं एकच धरून उभी आहे."

आता सांगितलं तर हिचा तोही आधार मी काढून घेणार होते. नाही सांगितलं तर ती माझ्या खोट्यावर उभी राहणार होती, आणि मी तिच्या आईच्या पुण्यानुमोदनाला पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसणार होते. मिलिंदचं ऐकावं असं मला फार वाटलं. अगदी ओठापर्यंत आलं, की चहा टाकते.

"मी तपासत नव्हते," मी म्हटलं.

आणि सगळं सांगितलं. हीटर, रेडिओ, टायर, फॉर्म, कीथ. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

तिने हात काढून घेतला. मग म्हणाली, "पुस्तक कुठंय?"

मी वर्तमानपत्र बाजूला केलं. तिने रजिस्टर उचललं, खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसली, ऑप्शनचं पान शोधलं आणि बोट ठेवलं.

"काका, हीटर केवढ्याला?"

ह्यांचा चेहरा उजळला. "एकोणनव्वद डॉलर, दहा सेंट."

तिने पुस्तकातला आकडा मोठ्याने वाचला. "एकाहत्तर पन्नास." आवाजात काहीच नव्हतं. "रेडिओ?"

"एकशे बारा."

"अठ्ठावन्न वीस. पांढऱ्या कडेचे टायर?"

"चारांचे की पाचांचे? स्टेपनी धरून वेगळा भाव आहे," हे म्हणाले, अगदी जुन्यासारखे, आणि दोन्ही आकडे धडाधड सांगितले. दोन्ही चूक होते. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली येत होती आणि मी तिथे उभी राहून ऐकत होते. एवढंच करायचं होतं. लिहिता-वाचता येणारं कुणीही हे करू शकलं असतं. एक मिनिट लागलं असतं.

मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ तिने मनात वाचली, पुन्हा वाचली.

"काका," ती म्हणाली, "मागच्या सीटचे पट्टे?"

आमच्या गाडीला ते नव्हते. पुढचे दोन पट्टे पहिल्या मालकाने, ओहायोतल्या कुणा गृहस्थाने, पैसे भरून घेतले होते. मागचे घेतले नव्हते. इतक्या जुन्या गाडीला नसले तरी इथल्या कायद्याला चालतं. मिलिंदने एकदा हट्ट धरला होता, बसवून घ्या म्हणून, तेव्हा हे म्हणाले होते की मग ती गाडी रजिस्टरमधल्यासारखी राहणार नाही. मीही तेव्हा मिलिंदची बाजू घेतली नव्हती.

हे धम्मशीलाकडे बघत राहिले. तोंड उघडलं आणि मिटलं. हात खुर्चीच्या दांडीवर काहीतरी चाचपडत होता. एवढ्या दिवसांत उत्तर यायला वेळ लागला तो ह्या एकाच वेळी.

"माहीत नाही," हे म्हणाले.

खजील होऊन म्हणाले, शाळेतल्या पोरासारखे, आणि मग माझ्याकडे बघितलं. मला रडू फुटलं. त्या शनिवारी फोनवर ही मुलगी मला सरळ विचारत होती, आणि मी एवढे दोन शब्द बोलले असते, तर चंदाबाईंनी तासाची बस पकडली असती आणि ड्रायव्हरला झापत झापत ब्रॅडफर्डला पोचल्या असत्या. डोकं शाबूत असलेल्या मला ते जमलं नाही.

"अठरा डॉलर," धम्मशीलाने वाचलं. "जोडीचे."

तिने रजिस्टर मिटलं, टेबलावर ठेवलं, आणि पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत मी तिच्यामागे गेले.

"हे इन्क्वेस्टला सांगाल?"

"सांगेन."

"सगळं?"

"सगळं."

तिने मान हलवली. कोटाची बटणं लावायला तिला फार वेळ लागला.

"आणि काकू," ती म्हणाली, "रविवारी येऊ नका."

मी बरं म्हटलं.